मांजरपाटी पडदा

दादाचं तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या स्टुडिओतून फोन आला. फोनवर तिथला तरुण मॅनेजर होता. त्यानं आधी हळू आवाजात दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, की काकांचा एक जुना फोटो आहे ना, गिरणी संपाच्या काळातला, त्यांनी एकदा दाखवला होता, तो मिळाला तर मोठा करून स्टुडिओत लावायचा विचार आहे. "आपली भिंत काळी आहे ना, त्यावर ब्लॅक अँड व्हाइट फोटो मस्त उठून दिसेल," असं तो म्हणाला.

बघते, एवढंच मी बोलले आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

या मुलामुळे दादाचं काम गेलं होतं. त्याहून नीट सांगायचं तर एका रंगामुळे गेलं होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगायला गेले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, हे एवढंच का, असा भाव येतो. म्हणून सावकाश लिहिते आहे. गिरगावातल्या एका छापखान्यात मी उभा जन्म मुद्रितं तपासली. पांढरा कागद आणि काळं अक्षर यांच्याशीच माझं आयुष्य गेलं. काळ्या रंगाशी माझं भांडण नाही. काळ्यावर करडं अक्षर लिहून त्याला देखणं म्हणणाऱ्यांची मात्र मला किळस येते, आणि ती दादा गेल्यापासून वाढलीच आहे.

आम्ही लालबागच्या चाळीतले. वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर कापड विणायला. तिथे साच्यांचा आवाज इतका, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोहोचत नसे. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नसत. ओठ मोठे हलवून बोलत आणि समोरचा ओठ वाचून उत्तर देई. ही सवय पाळी संपल्यावर घरी येई. आमच्या घरात निम्मं बोलणं असंच चाले. आई या गॅलरीतून समोरच्या गॅलरीतल्या बाईला आजची भाजी विचारायची, ती आवाज न काढता. गणपतीत लाउडस्पीकर लागले की बाहेरून आलेले पाहुणे घसा फोडून बोलत आणि आमच्या चाळीतली माणसं निवांत गप्पा मारत बसत.

पुढे वडिलांचे कान गेले आणि त्यांना कापड तपासायच्या खात्यात टाकलं. तिथे उतरत्या टेबलावरून कापड ओढत न्यायचं आणि डाग, तुटका धागा, जाळी दिसली की खडूनं खूण करायची. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असे, त्यातल्या काचांतून उत्तरेचा एकसारखा उजेड खाली येई. पावसाळ्यात काचांवर शेवाळ धरलं की वडील घरी येऊन कुरकुरत. उजेड नसेल तर काम कसलं करायचं, असं ते त्यांच्या मोठ्या, बहिऱ्या आवाजात म्हणत. त्यांच्या जागी दादा साच्यांवर लागला, बदली कामगार म्हणून. पक्का होणार होणार असं चाललं होतं आणि संप सुरू झाला.

संपाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मला त्यातली एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या चाळीचं भजनी मंडळ जुनं होतं, पण ते कधीच पुरं नसे. पाळ्यांमुळे कुणी ना कुणी कामावर असायचा. पखवाजवाला असेल तर पेटीवाला रात्रपाळीला, बुवा असतील तर दोन टाळकरी गायब. संपात पहिल्यांदा सगळे एका वेळी घरी होते. रोज संध्याकाळी मंडळ पुरं बसू लागलं. घरात डाळ पातळ होत गेली, काही बिऱ्हाडं कोकणात निघून गेली, तरी उरलेले बसत. एके दिवशी बुवांच्या मेहुण्यानं कुठून तरी कॅमेरा आणला आणि सगळ्यांचा फोटो काढला. दुपारच्या उन्हात, गॅलरीत. सगळ्यांनी धुतलेले पांढरे सदरे घातलेत. सगळ्यांच्या गळ्याची हाडं दिसतात. अगदी कडेला दादा आहे, मांडीवर शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर घेऊन. मंडळ पुरं आहे तोवर टेप करून ठेवू, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. पुढे त्याचा तोच धंदा झाला.

संप संपला असं कुणी कधी सांगितलं नाही. दादाला गिरणीनं परत बोलावलं नाही. त्याचं जमलेलं लग्न त्यात मोडलं ते पुन्हा जमलं नाही, आणि माझं जमवायला घरात कुणाला उसंतच नव्हती. वडील गेले, आई गेली, खोलीत आम्ही दोघं उरलो. दादानं लालबागच्या एका मंडप-लाउडस्पीकरवाल्याकडे काही वर्षं काढली. तिथून प्रभादेवीच्या एका गल्लीत, भजनांच्या कॅसेटी करणाऱ्या एका म्हाताऱ्या मालकाच्या स्टुडिओत गेला. स्टुडिओ म्हणजे गाद्या ठोकलेली एक खोली आणि मधे काच. काचेपलीकडे गाणारे बसत, अलीकडे दादा. त्या काचेची त्याला मौज वाटायची. साचेखात्यासारखंच आहे, बाय, फक्त इथे आवाज नाही म्हणून ऐकू येत नाही, असं तो मला म्हणाला होता.

टेप जाऊन कॉम्प्युटर आले. मी घाबरले होते, तो नाही. आवाज आता पट्ट्यांमध्ये दिसतो, तो मला सांगायचा, पेटीची एक पट्टी, पखवाजाची एक, बुवांची एक, कापडाच्या थानांसारख्या एकाखाली एक अंथरलेल्या. मी एकदा पाहायला गेले होते. पडदा फिक्या राखाडी रंगाचा होता, आमच्या छापखान्यातल्या लोखंडी कपाटासारखा. त्यावर काळी अक्षरं. सुंदर नव्हता, पण सगळं दिसत होतं. त्यानं त्यावर पुष्कळ वर्षं काम केलं आणि पडदा कसा दिसतो याबद्दल एक शब्द आमच्या घरात निघाला नाही.

म्हातारे मालक गेले तेव्हा स्टुडिओ त्यांच्या पुतण्यानं हातात घेतला. हाच तो मॅनेजर. त्यानं प्रभादेवीची खोली सोडली आणि परळला, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात जागा घेतली. आमची गिरणी नव्हे, शेजारची. पण छप्पर तसंच, करवतीचे दाते असलेलं. त्यानं पहिलं काय केलं असेल, तर छपराच्या काचा आतून काळ्या रंगवून घेतल्या. भिंती काळ्या. जमिनीवर काळा गालिचा. कोपऱ्यात एक जुना साचा आणून ठेवला होता, पॉलिश करून, त्यावर पाणी पिण्याचे ग्लास. खाली आवारात हॉटेलं झाली होती, तिथे सूत गुंडाळायच्या बाबिनींमध्ये मेणबत्त्या लावून टेबलावर ठेवत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाणी न पिताच निघाले आणि दादाला सांगितलं की तहान नाही.

पडदाही नवा होता. नवं सॉफ्टवेअर, काळं. नुसतं काळं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या सॉफ्टवेअरला हवी तशी कातडी चढवता येते, थीम म्हणतात तिला, आणि मॅनेजरनं एका मुलाकडून खास करून घेतली होती. प्रत्येक पट्टीच्या टोकाला आवाजाची पातळी दाखवायला एक छोटं धुराडं काढलेलं. आवाज वाढला की धुराड्यातून नारिंगी धूर वर चढायचा. बटणांना गंज लावलेला, म्हणजे गंजाचं चित्र. कोपऱ्यांत खोटे स्क्रू आणि त्यांच्याभोवती खोटं तेल ओघळलेलं. अक्षरं काजळावर राख सांडल्यासारखी, बारीक. ज्या धुराड्यांचा धूर बंद झाला म्हणून आमच्या चाळीत चुली बंद झाल्या, ती तिथे कुणीतरी गायलं की धुमसत होती. पाहुणे मोबाइलवर त्याचे फोटो काढत. वॉव, किती ऑथेंटिक, असं एक बाई माझ्यासमोर म्हणाल्या.

दादाला किळस नव्हती, त्याची अडचण साधी होती. त्याला साखरेचा आजार होता आणि तो डोळ्यांत उतरला होता. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात त्याच्या डोळ्यांना लेझर मारला. त्यानंतर त्याला उजेडातलं ठीक दिसे. पांढऱ्यावरचं काळं तो चष्म्यानं वाचायचा, माणसांचे चेहरे ओळखायचा. पण काळ्यावरचं करडं त्याला दिसतच नसे. त्याच्या लेखी त्या पडद्यावर काळ्या विहिरीत नारिंगी धूर तरंगत होता आणि बाकी काही नव्हतं. बटणं तो जागेच्या अंदाजानं दाबायचा. त्यानं मॅनेजरला जुना राखाडी पडदा मागितला. मॅनेजर म्हणाला, "काका, डार्क थीम डोळ्यांना उलट चांगली असते. आता सगळे प्रो लोक डार्कच वापरतात."

हे मला दादानं घरी हसत सांगितलं. मी हसले नाही. मी विचारलं, की त्या मुलानं कातडी चढवली तशी आपल्याला नाही का चढवता येणार. दादा विचारात पडला. मग एका रविवारी, स्टुडिओ बंद असताना, तो मला घेऊन गेला.

रंग आकड्यांनी द्यायचे असतात हे त्यानं शोधून काढलं होतं. लाल किती, हिरवा किती, निळा किती. मी आकडे टाकायचे आणि त्यानं बघायचं. शुभ्र पांढरा त्याच्या डोळ्यांना टोचला. पिवळा केला तर तो म्हणाला, ही तर हळद झाली. मग त्यानं पिशवी पुढे केली. मांजरपाटाची साधी पिशवी, ज्यातून तो डबा नेत असे. ती पडद्याला टेकवून धरली आणि म्हणाला, "हा रंग आण."

मी आकडे बदलत गेले.

"अजून भुरकट हवा."

"अरे दादा, ही पिशवी धुऊन धुऊन अशी झालीय. मांजरपाट असा नसतो."

"मग कोरा कसा असतो तो आठव. तुझ्याच परकराचं कापड होतं ते, मी विणलेलं."

तो त्याच्या बोलण्यातला आगाऊपणा होता. त्यानं विणलेलं कापड आमच्या घरात कधी आलं नव्हतं. पण मला रंग आठवला. साय धरलेल्या दुधासारखा, आत सरकीच्या सालाचे बारीक ठिपके असलेला. तो आकड्यांत सापडला. अक्षरं आम्ही काळी केली, जाड केली. धुराडी काढून साध्या उभ्या रेघा ठेवल्या. आवाज घ्यायला पट्टी तयार आहे हे दाखवणारं बटण कुंकवासारखं लाल केलं. दादा चष्मा न लावता मागे सरकत सरकत भिंतीला टेकला आणि तिथून एकेक पट्टीचं नाव वाचत सुटला. पेटी. पखवाज. टाळ एक. टाळ दोन. बुवा. इयत्ता पहिलीतल्या मुलासारखा. त्यानं त्या थीमला नाव दिलं, मांजरपाट.

दोन-तीन महिने ती चालली. मग गिऱ्हाइकं हसू लागली. जाहिरातींसाठी आवाज द्यायला येणारी तरुण मुलं, मागच्या सोफ्यावर बसून पडदा बघायची. कुणी विचारलं, "काका, हे एक्सेल आहे का?" कुणी त्याला रेशनिंग ऑफिस म्हणालं. ते वाईट नव्हते, गमतीनं म्हणत. दादाही म्हणायचा, की हो बाबा, तुझं कार्ड दाखव, मग घेतो आवाज. पण मॅनेजरला ती गंमत वाटली नाही. त्यानं सांगितलं, की सोफ्यावर कुणी बसलेलं असेल तेव्हा पडदा काळा हवा. एकटे असाल तेव्हा काय ते करा.

हे वाक्य मी अनेकदा मनात उलटंसुलटं करून पाहिलं आहे. माणसाला एकटा असतानाच दिसावं, अशी ती अट होती. काम करताना दिसलं नाही तरी चालेल, कारण तेव्हा बघणारे दुसरे असतात. दादानं ती मान्य केली. घरी बसण्यापेक्षा बरं, असं म्हणाला. त्याला ती खुर्ची हवी होती. साच्यांवरून एकदा उठवलं गेल्यावर मिळालेली ती जागा होती, आणि या वयात तिसरी मिळणार नव्हती.

मग आमच्या भजनी मंडळाचा दिवस आला. मंडळात आता जुने थोडेच उरले होते, पण बुवा होते. दादाबरोबर साच्यांवर काम केलेले, शिवडीला मुलीकडे राहायला गेलेले, मालवणी सोडून दुसरं न बोलणारे. त्यांचा आवाज उतरत चालला होता आणि जायच्या आधी एकदा नीट घेऊन ठेवू, असं दादानं त्यांना राजी केलं होतं. सकाळची वेळ होती. मीही गेले होते. टाळकऱ्यांच्या बायकांबरोबर मागच्या सोफ्यावर बसले. आपलीच माणसं आहेत म्हणून दादानं मांजरपाट लावून ठेवला होता.

सगळ्या पट्ट्यांची लाल बटणं त्यानं लावली. बुवांची तेवढी राहिली होती, कारण बुवा पलीकडे अजून पाण्याचा घोट घेत होते. तेवढ्यात मॅनेजर आला, बरोबर एक कॅमेरावाला. स्टुडिओची फिल्म करायची होती, आणि भजनी मंडळ त्यात छान दिसेल असं त्याला वाटलं. दिवे उभे केले. मॅनेजरची नजर पडद्यावर गेली. तो दादाच्या खांद्यावरून वाकला, माउस घेतला आणि पडदा काळा केला. धुराडी उगवली. "दहाच मिनिटं, काका," तो म्हणाला.

लाल बटण त्या काळ्या थीममध्ये लाल नसतं. सुकलेल्या रक्तासारखं काळपट असतं आणि न लावलेलं बटणही जवळजवळ तसंच. दादानं अंदाजानं दाबलं. ते बुवांचं नव्हतं, शेजारच्या रिकाम्या पट्टीचं होतं. कानांवर हेडफोन होते आणि त्यांत बुवांचा आवाज नीट येत होता, कारण माइकमधून तो सरळही येतो. तो नोंदला जातोय की नाही हे फक्त डोळ्यांनीच कळतं. आणि दादाचे डोळे पडद्यावर नव्हतेच. त्यानं साच्यांवरचा माणूस जे करील ते केलं. पडदा दिसत नाही म्हटल्यावर तो काचेतून बुवांच्या ओठांकडे बघत राहिला. बुवाही जुन्या सवयीनं दोन ओळींमध्ये ओठांनीच विचारत होते, बरा चललाहा ना? दादा मान डोलावत होता. दोघं किती खुशीत होते. कॅमेरावाला दादाभोवती फिरत होता, मधूनच काचेतून बुवांना टिपत होता.

अभंग संपला. दादानं ऐकायला लावला. पेटी आली, पखवाज आला, टाळ आले, मागे म्हणणारे आले. प्रत्येक ओळीनंतर ते कुणाच्या तरी मागून म्हणत होते, पण पुढे कुणी नव्हतंच. सोफ्यावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बुवा बाहेर येऊन ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "मेल्या, सगळ्यांचो घेतलंस नि माझोच खाल्लंस?"

सगळे हसले. बुवा म्हणाले, चहा पाजा, परत म्हणतो. दादा हसला नाही. तो माइक पुन्हा तपासायला काचेपलीकडे गेला आणि दार मागे बंद झालं. जाड दार होतं, पलीकडचं अलीकडे ऐकू येत नाही आणि अलीकडचं पलीकडे. मॅनेजर काचेकडे तोंड करून, कॅमेऱ्याच्या दिव्यात उभा होता. मी दादाची बहीण हे त्याला ठाऊक नव्हतं. तो कॅमेरावाल्याला साध्या आवाजात म्हणाला, "डोळे गेलेत म्हाताऱ्याचे. बसवतो आता घरी. किती दिवस दया दाखवायची."

मी काचेकडे पाहिलं. दादा माइकच्या दांड्याला हात लावून उभा होता आणि मॅनेजरच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडावर भरपूर उजेड होता. मग त्यानं नजर वळवून मला शोधलं आणि आवाज न काढता विचारलं, "ऐकलंस?"

मी होय अशी मान हलवली.

त्यानं बुवांचं पुन्हा घेतलं. मॅनेजर निघून गेल्यावर, मांजरपाट लावून. आवाज आला, पण दमलेला. पहिल्या वेळचा तो गेलाच. त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवलो, भांडी घासली, दिवा मालवला. पुढच्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. काका, तुम्ही आता आराम करा, तुमचा मान राहीलच, कधी लागलं तर सल्ला घेऊ. फार गोड बोलला. दादानं हो म्हटलं. सल्ला कुणी घेतला नाही. दादा खिडकीपाशी बसून पेपरातले मथळे वाचायचा, मग तेही मला वाचायला लावू लागला. पुढे मूत्रपिंडं गेली. तो काळ्या पडद्यामुळे मेला असं मी म्हणत नाही. तो आजारानं मेला. पण मरायच्या आधी तो बसवला गेला होता, आणि ते दुसऱ्यांदा होतं.

आणि आता त्यांना संपातला फोटो हवा होता.

फोटोचं उत्तर फोनवर देणं मला जमेना. एका दुपारी मी परळला गेले. मॅनेजरनं मला ओळखलं नाही. काकांची बहीण म्हटल्यावर मावशी, मावशी करत आत नेलं. दादाच्या खुर्चीवर एक वेगळाच तरुण बसला होता, तो उठून चहा सांगायला गेला. पडदा समोर होता. धुराडी आता आणखी सुधारली होती, नारिंगी धुरात ठिणग्या होत्या. मी मांजरपाटाबद्दल विचारलं. मॅनेजरला आधी कळलं नाही. मग म्हणाला, अच्छा, ती पांढरी थीम, ती नवीन मशीन आली तेव्हा उडाली. मी खुर्चीत बसून पडद्यावरचं वाचून पाहिलं. माझे डोळे अजून चांगले आहेत. नाक टेकेल इतकं जवळ गेल्यावर मला एका पट्टीचं नाव लागलं.

फोटो कुठे लावणार ते दाखवायला मॅनेजर काचेपलीकडे गेला. तिथली मोठी भिंत, तेलकट काळी. तिच्यापुढे उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी हवेत चौकट काढली, मग वरून खाली दिवा सोडणार असल्याची खूण केली. त्या चौकटीत मला पांढरे सदरे दिसले, गळ्याची हाडं दिसली, दुपारचं ऊन दिसलं. संप भिंतीवर टांगून त्याच्याखाली हे लोक जाहिरातींचे आवाज घेणार होते.

दार बंद होतं. मी बसल्या जागेवरूनच, ओठ नीट मोठे हलवून, त्याला म्हटलं, "फोटो मिळणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला आणि अंगठा वर केला.

मग मला उठावं लागलं. जड दार ढकलून मी आत गेले आणि तेच आवाजात सांगितलं. त्याचा चेहरा गोंधळला. "अहो मावशी, पण आत्ता तर तुम्ही हो म्हणालात."

"नाही म्हणाले होते," मी सांगितलं. "तुम्हाला दिसलं नाही."

तो काही विचारणार होता. चहा आला होता तो तसाच राहिला. मी बाहेर आवारात आले तेव्हा ऊन होतं. फोटो सकाळीच पिशवीत घातला होता, शेवटच्या क्षणी विरघळून देऊन टाकू या विचारानं की बुवांना दाखवावा म्हणून, ते आता आठवत नाही. पिशवी मांजरपाटाची होती, दादाची. परतताना वाट वाकडी करून मी शिवडीला गेले आणि फोटो बुवांना दाखवला. त्यांनी तो गॅलरीत, उजेडात नेला आणि एकेकाचं नाव घेत बराच वेळ बघत राहिले.